दोन गाडगी पेज

सून पाट्यावर लसूण-मिरची वाटायला बसली, की त्या झणझणीत वासासरशी मी वडिवळ्यात जाऊन पोचते, मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली.

मी तेव्हा नवी नवरी होते. शेजारच्या राधावहिनी आजारी नवऱ्याचं एकट्या करत होत्या. त्यांना चूल पेटवायलाही सवड नव्हती, म्हणून सासूबाई रोज दोन गाडगी पेज घेऊन जायच्या. आजाऱ्याची पातळ, नुसत्या मिठाची. वहिनींची घट्ट, हुलगे घालून शिजवलेली, वर लसणाचा ठेचा. उभ्या उभ्या पिता यावी आणि अंगात बळ राहावं म्हणून. ठेचा मी वाटायची.

त्या दिवशी मीही सासूबाईंसोबत गेले. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. वहिनींनी दारातच गाडगं तोंडाला लावलं. आतून नवऱ्याचा खोकला येत होता.

"आक्का, आज ठेचा इसरलात व्हय?" त्या म्हणाल्या. "पेजंला चवच न्हाई."

त्यांच्या ओठाला लाल ठेचा चिकटला होता. माझी बोटं अजून तिखटानं जळत होती. मी बोलणार, तोच सासूबाईंनी माझा हात दाबला.

"व्हय बाई, इसरले."

घरी येईपर्यंत मी धुसफुसत राहिले. माझ्या हातची मेहनत अशी नाकारायची कशाला, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. आज आठवतो तो सासूबाईंच्या हाताचा गारठा.

दुसऱ्या दिवशी मी पाटा धुऊन लसूण सोलायला घेतला.

"ऱ्हाऊ दे," सासूबाई हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी दोन्ही गाडग्यांत पातळ पेज ओतली.