कॅरिअर नसलेल्या सायकलवर डबलसीट

"ओ सायकलवाले भाऊ! थांबा, थांबा ना! त्या म्हाताऱ्या बाबाले उतरवा खाली, पडते ना ते!"

माना फाट्याच्या अलीकडे एका टपरीवरून चहावाली बाई हातातली गाळणी हलवत ओरडत होती. मी करकचून ब्रेक दाबले आणि मागे पाहिलं. कोणीच नव्हतं... नसणारच! माझ्या सायकलला मागे कॅरिअरच नाही. तीन बोटं रुंद सीट, त्याखाली एक लाल दिवा, की संपली सायकल. चिमणी बसायची म्हटली तरी तिला आधी विचार करावा लागेल.

सकाळचे सव्वाआठ वाजले होते, चक्क ऊन पडलं होतं. उगाच कोणी अमावस्या आणि पिंपळ डोक्यात आणू नका.

आधी स्वतःबद्दल सांगतो. मी अमरावतीत दातांचा डॉक्टर. वय अठ्ठेचाळीस. भूतखेत, करणी, अंगात येणं यातल्या कशावर माझा कधी विश्वास नव्हता. मी एक्स-रेवर विश्वास ठेवणारा माणूस. दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही.

दोन वर्षांपूर्वी मात्र माझंच पोट मला एक्स-रेशिवाय दिसायला लागलं. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून पाठ कमानीसारखी, गुडघे करकर वाजणारे. मग सायकल घेतली. वेळ? वेळ नव्हताच. पहाटे पाचला छत्री तलावाच्या चढावर तीन फेऱ्या, तिथून थेट क्लिनिक. सायकलीने पाय होतात पण कंबर आणि खांदे मागे राहतात, म्हणून क्रॉस ट्रेनिंग हवं असं कुठेतरी वाचलं. त्यासाठी मी वीस लिटरचा पाण्याचा जार रोज स्वतः दोन मजले चढवायला लागलो. आणि माझा खास शोध म्हणजे भुलीचा व्यायाम! पेशंटला इंजेक्शन दिलं की हिरडी बधिर व्हायला पाच-सात मिनिटं लागतात. पूर्वी त्या वेळात मी मोबाईल बघायचो, आता उठाबशा काढतो. दिवसाला पंधरा पेशंट धरले तर हिशोब तुम्हीच करा. पहिल्या आठवड्यात एका आजोबांनी खुर्चीतून अर्धवट बधिर तोंडानं विचारलं, "डाक्टर, तुमी उठाबशा कावून काढून राहिले? चुकीचा दात तं नाई ना घेतला?"

तरीही घरात मला मान नव्हता. कारण गेल्या वर्षीचा प्रकार. मी मोठ्या तोऱ्यात अमरावतीहून अकोल्याला, म्हणजे सासुरवाडीला, सायकलनं निघालो होतो. मूर्तिजापूरला दोन्ही मांड्यांत असे गोळे आले की रस्त्यावर आडवाच झालो. शेवटी कोबीच्या टेंपोत, कोबीवर बसून, सायकल मांडीवर घेऊन सासरच्या दारात उतरलो. त्या दिवसापासून माझं नाव पडलं ‘टेंपोवाले जवाई’. माझ्या बायकोच्या, सुलभाच्या, माहेरी नवी सून आली तरी तिला माझी ओळख याच नावानं करून देतात. नाव ठेवणारा माझा साळा, सुलभाचा भाऊ विलास. कॉलेजात भूगोल शिकवतो आणि खुर्चीवरून उठतो तो फक्त दुसऱ्या खुर्चीवर बसायला.

यंदा संक्रांतीच्या आधीच्या रविवारी त्यांच्याकडे हुरडा होता. बार्शीटाकळीच्या शेतातून कणसं येणार होती. मी फोनवर जाहीर केलं, "सायकलनं येतो."

"टेंपो सांगून ठेवू का भाऊजी?" विलास म्हणाला.

"अकराच्या आत दारात नसलो तर बोल."

"लावता का पैज? सुरूपासून आखरीपर्यंत पायडल तुमीच मारायचा. एक किलोमीटर जरी दुसऱ्याच्या जोरावर आले, तं जिंदगीभर टेंपोवाले जवाई, आन् सायकल आमच्याकडे कपडे वाळवाले! आले तर सगळ्या पाहुण्यांसमोर मी तुमची माफी मागतो, आन् दुसऱ्या दिवसापासून मी पन सायकल चालवतो."

लावली पैज.

तर पहाटे साडेपाचला निघालो. सुलभा कारनं मागाहून येणार होती, पण दुसऱ्या वाटेनं मावशीला घेऊन, म्हणजे मला रस्त्यात मदत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. थंडी अशी की मिशीवर दव जमलं. बडनेऱ्यापर्यंत मी वाऱ्यासारखा गेलो. पण बडनेऱ्याचा पूल उतरलो आणि सायकल एकदम जड झाली. जड म्हणजे किती? ज्वारीचं अख्खं पोतं मागे कोणी अलगद ठेवावं तशी. पंक्चर पाहिलं, नव्हतं. ब्रेक घासतो का पाहिलं, नव्हता. पुढून वारा होता हे खरं, पण वारा पुढून ढकलतो हो, मागून बसत नाही! ताशी बावीसचा मी चौदावर आलो. असं घामेघूम होत माना फाटा गाठला आणि ती बाई ओरडली.

मी टपरीवर टेकलो. तिनं न विचारता दोन कप भरून बाकड्यावर ठेवले.

"मावशी, मी एकटाच आहे."

"मंग हे कोन होय?" तिनं माझ्या शेजारच्या रिकाम्या बाकड्याकडे हनुवटी केली. "येवढ्या वयाच्या मानसाले सीटच्या मांगं लोंबकळत आनता, आन् वरून ओळख पन देत नाई? शिकले-सवरलेले दिसता तुमी."

"कसे आहेत दिसायला?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"घ्या! तुमचेच पाव्हने आन् मले इचारता? धोतर वर खोचलं, काळी टोपी, पायात कपड्याचे बूट. पोटऱ्या पाहा पोटऱ्या, मुसळावानी! तुमच्या तं काड्या हायेत त्याच्यापुढं."

भूत दिसत नाही याचं मला काही नव्हतं, पण दोन वर्षांच्या उठाबशांनंतर काड्या? मी तिरीमिरीत उठलो. निघताना नजर गेली, दुसरा कप रिकामा होता. मी प्यायलो नव्हतो. ती बाई तोपर्यंत भट्टीकडे वळलेली. कुत्रं नाही, मांजर नाही, रस्त्यावर तिसरा माणूस नाही. मी दोन्ही कपांचे पैसे ठेवले.

मूर्तिजापूरला पोचलो तेव्हा नऊ वीस झाले होते. अजून चाळीसेक किलोमीटर बाकी, अकरा वाजायला पावणेदोन तासही नाहीत. मांड्या पेटल्या होत्या. बरोबर गेल्या वर्षीच्याच जागी डाव्या पायात गोळा आला आणि मी रस्त्याच्या कडेला बसलो. तेवढ्यात एक टेंपो थांबला. या वेळी संत्री.

ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "अकोला? टाका सायकल वर. तुमी बी बसा, बाबालेबी बसवा."

"कोणत्या बाबाला?"

"मजाक करता का राजेहो?" तो हसला.

खोटं सांगत नाही, माझा एक पाय टेंपोच्या फळीवर गेला होता. मग डोळ्यांसमोर विलास आला. खुर्चीत बसलेला, मांडीवर हुरड्याची वाटी, आणि सगळ्या पाहुण्यांना हात करून सांगणारा... आले पाहा! पाय खाली घेतला. टेंपो गेला. आणि तिथे, भर हायवेवर, भर उन्हात, मी मागे न पाहता मोठ्यानं बोललो. आयुष्यात पहिल्यांदा, हवेशी.

"बाबा, तुमी कोन असाल ते असा. उतरत नसाल तर बसा. पन नुसते बसू नका ना जी! कायतरी करा!"

सायकलवर टांग टाकली. आणि मंडळी, पुढचा तास-सव्वातास माझ्या आयुष्यातला सर्वांत देखणा तास आहे!

सायकल पाण्यातून मासा जावा तशी सुटली. वजन कुठे गेलं माहीत नाही. वारा पुढूनच होता, पण अंगाला लागेना, जणू कोणी पुढे आडोसा धरलाय. दोन्ही बाजूंना कापूस पांढराफेक, तुरी पिवळ्या, सगळं सर्रकन मागे. ट्रॅक्टर मागे टाकला. ऊस भरलेला दुसरा ट्रॅक्टर मागे टाकला. एक एसटी चढावर जरा रेंगाळली, तीही मागे टाकली, कंडक्टरनं खिडकीतून हात जोडले! मनगटावरचं जीपीएसचं घड्याळ ताशी एकतीस दाखवत होतं, आणि हृदयाचे ठोके किती? बाहत्तर! घरी सोफ्यावर बसून असतात तेवढे. याला म्हणतात कंडिशनिंग. घाम नाही, धाप नाही, मांडीतला गोळा कुठल्या कुठे. हात हँडलवर होते की नव्हते हेही आठवत नाही, इतकं सहज चाललं होतं. मी तर चक्क गुणगुणत होतो.

बोरगाव मंजूला पानटपरीवरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. "वा रे बुढ्ढे! म्हाताऱ्यात दम हाये बाप्पा!" त्यातला एक जण ओरडला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी म्हातारा! एरवी उतरून भांडलो असतो, पण त्या दिवशी माफ केलं.

दहा बेचाळीसला मी सासरच्या फाटकात होतो.

सगळी मंडळी मागच्या अंगणात हुरडा भाजायच्या आगटीभोवती होती. मी घंटी अशी वाजवली की शेजारचे बाहेर आले. मागून सुलभा धावत आली, हातात तीळगुळाची वाटी तशीच, डोळ्यांत पाणी. "अहो, खरंच आलात!" विलासनं आधी फाटकाबाहेर जाऊन टेंपो शोधला. नव्हता. मग माझं घड्याळ काढून घेतलं, अख्खा रस्ता नकाशावर बोटानं तपासला. भूगोलाचा माणूस शेवटी! कुठे तुटक रेघ नाही. मग पंचवीस पाहुण्यांसमोर त्यानं हात जोडले.

"मानलं भाऊजी. माफी मांगतो. आजपासून टेंपोवाले जवाई बंद."

"मोठ्यानं," मी म्हणालो.

तो मोठ्यानं म्हणाला. मी हुरडा खाल्ला तो उभ्यानं, मुद्दाम, सगळ्यांना पोटऱ्या दिसाव्या म्हणून. दुसऱ्या दिवसापासून विलास सायकल चालवतो. कॉलेजापर्यंतच, आणि शिव्या देत, पण चालवतो. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला त्याचा.

आता तुम्ही म्हणाल, स्पष्टीकरण काय? मी पुष्कळ शोधलं. त्या टपरीवर दोनदा जाऊन आलो, बाई तेच सांगते आणि मला पाहून दोन कप ठेवते. धोतर-टोपीतला तसा कोणी आमच्या घराण्यात नाही, सुलभाच्याही नाही. सायकलच्या दुकानात चाकं, साखळी, बेअरिंग सगळं तपासून घेतलं. घड्याळ बिघडलं म्हणावं तर रस्ता बरोबर, वेळ बरोबर.

एक गोष्ट मात्र घरात कोणाला सांगितलेली नाही, आणि हे वाचून विलासला कळवणारा तुमच्यात कोणी निघाला तर त्याचा दात मी भूल न देता काढीन. त्या दिवशी मी गल्लीत वळलो तेव्हा फाटकाजवळ खुर्ची टाकून फक्त सासूबाई बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, गल्लीच्या टोकाला भाजीवाला आला की आधी त्यांनाच दिसतो. दुपारी सगळे पांगल्यावर मी त्यांच्याजवळ बसलो आणि हळूच विचारलं, "आई, मी येत होतो तेव्हा माझ्या मागं कोणी बसलेलं दिसलं का तुम्हाला?"

त्यांनी तळहातावरचा हुरडा चोळला, फुंकर मारून कोंडा उडवला.

"मांगं तं तुमीच बसले होते, जवाईबापू."