आखाजीच्या घागरीत आजीचं नाव

मंडळी, आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. असोद्याला आमचे वडील, आबा, पितरांची नावं घेत घागर भरत होते. त्यांचे वडील, आजोबा, पणजोबा. आमच्यात पुरुषांचीच नावं घेतात.

आबांची थोरली बहीण अक्का मध्येच म्हणाली, "भाऊ, आपली मायनं नाव कोन लेई?"

स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत आजी विधवा झाली. या दोन लेकरांना बैलगाडीत घालून ती नरडाण्याकडून इथे आली. बाभळी तोडून तिनं पडीक जमिनीत केळी लावली. ज्यांची नावं आम्ही घेतो, त्यांनी हे वावर पाहिलंसुद्धा नव्हतं.

 आबा पाणी ओतत सावकाश म्हणाले, "गोदावरी."

"आते पानी पोचनं," अक्का म्हणाली.

तुमच्या घागरीत आज कोणाचं नाव राहून गेलं?