उलटलेल्या दगडांचा ओढा

टोकियोत, फुनाबोरीला, आमच्याच इमारतीत मोरिता-सान, म्हणजे मोरिताबाई, राहतात. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. शहराच्या पश्चिमेला ओकुतामाच्या डोंगरातल्या एका ओढ्यात सालामँडर, बेडकाच्या नात्यातले पण पालीसारखे दिसणारे शेपटीवाले प्राणी, राहतात, त्यांच्यावर त्या बरीच वर्षं लक्ष ठेवून आहेत. "येता का बघायला?" त्यांनी विचारलं आणि मी नि माझा नवरा निखिल यांनी शनिवार मोकळा केला.

शिंजुकू स्टेशनाहून सकाळी लवकरची गाडी धरा, बसायला जागा मिळते. शेवटच्या स्टेशनाबाहेरच बस उभी असते. खायचं कोनबिनीतून, चोवीस तास उघड्या दुकानातून, बरोबर घ्या, वर काही मिळत नाही. बूट न घसरणारे हवेत. बसमधून कुठे उतरायचं ते मात्र मी सांगणार नाही.

उंच सुगी वृक्षांचं, म्हणजे जपानी देवदारांचं रान, दाट धुकं. पाण्याचा आवाज येत होता, पाणी कुठेच दिसत नव्हतं.

"पायाखालून वाहतंय," मोरिता-सान म्हणाल्या. "सालामँडर अंडी तिथेच घालतात, डोंगराच्या पोटात. फुप्फुसं नसतात त्यांना, श्वास सगळा कातडीतून. पाणी जरा तापलं की संपलं."

ओढा लागला आणि त्या थबकल्या. पात्रातले दगड उलटे पडले होते. शेवाळाची बाजू खाली, फिकट बाजू वर, धुक्यात नजर पोचेल तिथवर.

"दगडांखालचे सालामँडर धरून नेतात, पाळायला विकतात," त्या हळूच म्हणाल्या. "वरची बाजू अजून ओली आहे. आत्ताच कुणीतरी गेलंय."

निखिलने मागे वळून पाहिलं. नुसते बुंधे.

आम्ही एकेक दगड सुलटा ठेवत गेलो. बोटं बधिर झाली. झऱ्याच्या तोंडाशी, कपारीत, एकच सालामँडर दिसला. सडपातळ, पाठीवर नारिंगी पट्टा, डोळे मोठे. जराही न हलता आमच्याकडे बघत राहिला, मग खडकात शिरला.

परतीच्या बसमध्ये गुडघ्यापर्यंत भिजलेला एक माणूस बसला होता. मांडीवर बर्फाची पेटी, तिच्यातून हवेच्या पंपाची बारीक घरघर. मोरिता-सान उठून त्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

"काय मिळालं?"

"काही नाही."

"परत सोडून या त्यांना. मी येते तुमच्याबरोबर."

तो नम्रपणे हसला. बेल दाबून, एकही घर नसलेल्या थांब्यावर उतरला आणि चार पावलांत धुक्यात दिसेनासा झाला. मोरिता-साननी सांगितल्यावर ड्रायव्हरने पोलिसांना कळवलं. तो सापडला नाही.

घरी आल्यावर निखिलने झऱ्यापाशी काढलेले सालामँडरचे फोटो पुसून टाकले. मागच्या खडकावरून जागा ओळखू येते.

गेल्या आठवड्यात मोरिता-सान एकट्याच जाऊन आल्या. लिफ्टपाशी मी विचारलं, "दिसले का?"

"दगड आपण ठेवले तसेच आहेत," त्या म्हणाल्या. "उचलून पाहिले, खाली एकही सालामँडर नाही. पुढच्या महिन्यात परत बघू."

मी हो म्हटलं.