पेवातली मोजणी

आमच्या गल्लीतला चनमल्लप्पा मापाडी मोजण्यात पटाईत, पण शहाणपणाची खुमखुमी भारी. धान्यपेठेत ज्वारीची पायली ओतताना ‘लाभ, दोन, तीन’ असा त्याचा सूर लागे. ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, ही मापाड्यांची रीत. कुणा मास्तरांनी त्याला सांगितलं होतं, वीज चमकली की सावकाश मोजावं. पाच आकड्यांनी गडगडलं तर वीज मैलभर लांब. झालं! तेव्हापासून वीज कुठं पडली ते याच्याच तोंडून ऐकायचं.

बत्तीस सालच्या वैशाखात तो कुंभारीच्या माळावर एका पेवात उतरला होता. जमिनीतलंच कोठार ते, तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं. खाली तो पायलीनं मोजून पाटी भरायचा, वर बायको ईरम्मा दोरानं ओढायची. गाडीवाला पोती पोचवायला गावात गेला होता.

दुपारी आभाळ काळवंडलं.

“री, वर या की. लई चमकायलंय,” ईरम्मा म्हणाली.

“धा मोजले मी. दोन मैल हाय अजून. पाणी शिरलं तर ज्वारी नासंल. वढ तू!”

बिचारीनं ओढली. पण पावसाच्या धास्तीनं त्याचा हात घाईला आला होता आणि जीभ हाताच्या मागं पळत होती. मास्तरांचं ‘सावकाश’ केव्हाच सुटलं होतं, विजेचे आकडेही तो पायलीच्या घाईनंच मोजत होता. वीज अर्ध्या मैलावर आली तरी याचे आपले दोन मैल!

एकाएकी पेवाचं तोंड पांढरंफेक झालं. ‘लाभ’ म्हणायलाही उसंत मिळाली नाही. कानठळ्या बसल्या आणि दोर सुटून त्याच्या खांद्यावर पडला.

वर हात पोचेना. भिंतीला कुठं पाय रोवायला जागा नाही. “ईरम्मा!” तो जिवाच्या आकांतानं ओरडला. बऱ्याच वेळानं वरून तिचा आवाज आला.

“री! ओ तरी द्या की!”

“हाय की! हितंच हाय मी!”

“ओ द्या की वो!”

तो ओरडत राहिला, ती हाका मारत राहिली. तिचे कान गेले, हे अखेर त्याला उमगलं. मग तो मुठी भरभरून ज्वारी वर भिरकावू लागला. दाणे तोंडावर आले तशा तिच्या हाका थांबल्या आणि ती मोठ्यानं रडू लागली.

गावकऱ्यांनी त्याला वर काढलं तेव्हा पेवात घोटाभर पाणी होतं. पुढं वीसेक वर्षं, दिवसातून एकदा तरी, तो तिच्यापुढं बसून माफी मागायचा. अख्ख्या गल्लीनं ती ऐकली. एकट्या ईरम्माला ऐकू आली नाही.