डाव्या गुडघ्याची वाटी

तारीख १ ऑगस्ट १९६४. रक्कम रुपये ३६०. आमच्या अमरावतीच्या कॉलेजातल्या मानवी सांगाड्याची रजिस्टरातली किंमत. हजर तिघे: प्राणिशास्त्राचे सर, प्रयोगशाळेचा म्हातारा शिपाई आणि स्टोअरकीपर म्हणून मी. सांगाडा सुट्या हाडांचा; कवटी एकसंध धरून एकशे ऐंशी नग. दरवर्षी ते मोजून मी 'बरोबर' अशी सही करत असे. सात वर्षं केली. एक नग जरी कमी भरला, तरी सगळी किंमत माझ्या पगारातून कापायची असा नियम होता. पगार होता एकशे चाळीस.

सरांनी मुंबईला कॉम्प्युटर पाहिला होता. कार्डांवर भोकं पाडून माहिती भरायची, मग यंत्र ती हवी तशी निवडून देतं. आम्हाला यंत्र कोण देणार? सरांनी राजापेठेतून सायकलचा स्पोक आणला, छापखान्यातून लग्नपत्रिकांचे उरलेले पुठ्ठे आणले. पुस्तक पाहून एका हाडाला एक कार्ड केलं. कडेच्या प्रत्येक भोकाला एक लक्षण: लांबट, चपटं, आरपार छिद्र असलेलं. लक्षण असेल तर ते भोक कडेपर्यंत कापायचं. मग भोकातून स्पोक घालून गठ्ठा हलवला की तेवढीच कार्डं खाली पडत. असं एकेक लक्षण तपासत गेलं की शेवटी हातातल्या हाडाचं कार्ड सापडे.

यंदा नुसतं न मोजता प्रत्येक हाड कार्डाशी जुळवलं; दुपारपर्यंत एकशे एकोणऐंशी हाडं आपापल्या कार्डावर बसली. एक कार्ड उरलं, डाव्या गुडघ्याच्या वाटीचं. एक हाडही उरलं, पण ते कुठल्याच कार्डाला जुळेना.

सरांनी ते उलटसुलट पाहिलं. "हे बोकडाच्या घोट्याचं आहे."

मी शिपायाकडे पाहिलं. तो शांतपणे म्हणाला,

"वाटी धुऊन वाळू घातली व्हती, कावळ्यानं नेली. तुमाले तं एकशे ऐंशीच पायजे होते, बाबूजी. मंग म्या रविवारच्या रश्श्यातलं टाकलं."

"अरे, कधी?" मी विचारलं.

"पाच वर्सं झाले. मोजून तं तुमीच राह्यले होते. मले काहून बोलता?"

सर हसत खुर्चीत बसले. मी त्यांना नियम वाचून दाखवला.

"पण काय हरवलं ते आता कळलंय ना? तेवढंच मागवू."

मी प्राचार्यांना सगळं लेखी कळवलं, बोकडासकट. त्यांनी शेरा मारला: 'नग भरून द्यावा. वसुली नको.'

वाटीचे अडीच रुपये आणि टपालाचे नव्वद पैसे कलकत्त्याच्या हाडं पुरवणाऱ्या दुकानदाराला मनिऑर्डरनं गेले. निम्मे माझे, निम्मे शिपायाचे.