नत्थूजींचं स्टेटस

हिंगणघाटात नत्थूजींची शाळेची व्हॅन आली की लोक घड्याळ लावत. नऊ पोरं, नऊ थांबे, बावीस वर्षांत एक खाडा नाही. माणूस तसा तिरसट. पोराला आणायला दोन मिनिटं उशीर झाला तर बापालाही भर रस्त्यात झापणार. पण आया खूश होत्या, कारण पोरगं व्हॅनमध्ये बसलं की नत्थूजी त्याचा फोटो काढत, खाली नाव, थांबा आणि वेळ लिहीत आणि स्टेटसला टाकत. नऊ जणींना नऊ फोटो कोण पाठवत बसणार? एकदा टाकला की सगळ्यांना दिसला. या स्टेटसपायी दोन नवी पोरं मिळाली, हे ते पानठेल्यावर मिशीवर ताव देऊन सांगत.

त्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर, पुढच्या सीटवरच्या सात वर्षांच्या इलानं सहज विचारलं, काका, उद्या तुमची गाडी बंद आहे ना?

कोण म्हणालं, त्यांनी विचारलं. तर म्हणे, तुमचा भाऊ. सकाळी पाण्याच्या टाकीजवळ मोटारसायकल घेऊन उभा होता. इला म्हणून हाक मारली, नवी निळी बॅग छान आहे म्हणाला. उद्या तुझी व्हॅन येणार नाही, पावणेसातला मीच न्यायला येतो, आईला सांगू नको, गंमत करू.

नत्थूजींना भाऊच नव्हता.

व्हॅन बाजूला घेऊन त्यांनी मोबाईल काढला. आजच्याही फोटोत निळी बॅग होती. खाली स्वतःच्या बोटांनी लिहिलेलं: इला, पाण्याची टाकी, ६.५५. पाहणारे दोनशे शहाऐंशी. अरे देवा, एवढे कोण? सुट्ट्यांत व्हॅन लग्नांना जायची, म्हणून भेटेल त्याचा नंबर सेव्ह केलेला. लग्नवाले अल्लीपूर. टायरवाला. नवरदेवाचा मामा. एकाही नावाला चेहरा आठवेना.

पुसून टाकावं, असं मनात आलंच. कोणाला काय कळणार होतं? पोरीच्या आईला एवढंच सांगायचं, की कोणीतरी माणूस फिरून राह्यला, लक्ष ठेवा. बावीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. अंगठा पुसायच्या खुणेवर टेकलाही होता. पण पाहणाऱ्यांची यादी गेली, तर तो माणूसही गेला. उद्या पावणेसातला तो येणारच होता, टाकीजवळ नाही तर दुसऱ्या थांब्यावर. नऊही थांबे त्याच्या खिशात होते. नत्थूजींनी स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली आणि गाडी सुरू केली.

इलाची आई सुमती फाटकाशी उभी होती. कधी नव्हे ते नत्थूजी खाली उतरले, पोरीचं मनगट धरून तिला दारापर्यंत घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. सुमतीनं इलाला पोटाशी ओढलं.

"त्याला हिचं नाव कसं माहीत? वेळ कशी माहीत?"

"म्याच सांगतलं, मॅडम. रोज. फोटोसकट." त्यांनी मोबाईल तिच्या हातात दिला. "याच्यात तो आहे. मले वळखू येऊन नाई राह्यला. पोलिसाले दाखवा."

सुमती यादी खाली खाली सरकवत गेली. मध्येच तिचं बोट थांबलं. तिथं तिचंच नाव होतं आणि नावापुढे लाल बदाम.

"मी रोज टाकत होते, नत्थूजी," ती म्हणाली. मग तिनं स्वतःच्या फोनवरून पोलिसांना फोन लावला आणि नत्थूजींचा मोबाईल ठेवून घेतला. इलाला उद्यापासून मीच सोडेन, म्हणाली. नत्थूजींनी मान हलवली. त्यांना काऊन म्हणून विचारायचं तोंड नव्हतं.

व्हॅनमध्ये आठ पोरं कलकल करत होती, आज उशीर का म्हणून. आज एकेकाला दाराच्या आत नेऊन द्यायचं होतं, आणि आठही दारांत हेच बोलायचं होतं.