शेंदराखालच्या दोन ओळी

तेलात कालवलेल्या शेंदराचा वास आला की नेरूळच्या गावठाणातलं ते कोंदट देऊळ आठवतं. तिथं देव म्हणून पुजल्या जाणाऱ्या दगडावर जुना शिलालेख होता. बाकीचा शेंदराखाली गेलेला, पण शेवटच्या दोन ओळी उघड्या होत्या. प्रबंधासाठी त्यांचा ठसा घ्यायला मी ओला कागद उचलला, तोच म्हातारी पुजारीण वाटी घेऊन आली. "पोरी, पाव्हनी हायस, आज शेंदूर तूच लाव." दारात कौतुकानं हसणाऱ्या बायका उभ्या; नाही म्हणायची सोयच नव्हती. "पार खालपर्यंत लाव गो!" कोरलेली अक्षरं बोटाला लागली, मग लागेनाशी झाली. आता दर जत्रेआधी खांदेश्वरला माझ्या घरी फोन येतो, "येतेस ना? मान तुजाच हाय." आणि मी जाते, आणखी एक थर चढवायला.